ऑफिसचा एसी सोलरवर चालवायचाय? आधी गच्ची मोजा

पुण्यातल्या बाणेर-खराडीकडच्या व्यावसायिक इमारतींत सोलर एसीचा बेत पॅनेलच्या किमतीआधी गच्चीवरच अडतो. म्हणून कोटेशन मागवण्यापूर्वी हा हिशेब स्वतः करा. समजा, चार मजले आहेत आणि प्रत्येक मजला 10,000 चौरस फुटांचा आहे. 200 चौरस फुटांना एक टन धरला तर 200 टन लागतील. व्हीआरएफ (एका आउटडोअर युनिटवर अनेक खोल्या थंड करणारा एसी) टनामागे साधारण एक किलोवॅट घेते. सरासरी 60 टक्के भार आणि नऊ तास धरले, तर रोजची 1,080 युनिट झाली. आता गच्ची बघा. टाक्या, लिफ्टची खोली, आउटडोअर युनिट आणि ये-जा करण्याची वाट वजा जाता निम्मी उरली, तर किलोवॅटला 100 चौरस फूट या मापाने 50 किलोवॅट बसतात. पुण्यात वर्षाच्या सरासरीने किलोवॅटमागे रोज चारेक युनिट मिळतात, म्हणजे 200. एसीच्या गरजेचा पाचवा हिस्सा, तोही जेमतेम. पावसाळ्यात आणखी कमी.

त्यामुळे पहिला पैसा भार कमी करण्यावर घाला. पश्चिमेच्या काचांना बाहेरून सावली द्या. आतून लावलेले पडदे उष्णता आत आल्यावर अडवतात. थर्मोस्टॅट 22 वरून 25 वर न्या, अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा लॉबी आणि कॅन्टीनला बाष्पीभवनावरचे कूलर पुरतात.

उन्हाच्या उष्णतेवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर, म्हणजे विजेऐवजी गरम पाण्याच्या उष्णतेने थंडावा देणारं यंत्र (पुण्यातली थरमॅक्स असे चिलर बनवते), ऑफिससाठी आम्ही सुचवणार नाही. 80 ते 95 अंशांच्या पाण्यावर चालणाऱ्या साध्या चिलरला एका टनासाठी पाच किलोवॅट उष्णता लागते, त्यामुळे उन्हात पाणी तापवणारे कलेक्टर सोलर पॅनेलपेक्षा कमी जागा घेत नाहीत. शिवाय कूलिंग टॉवरमधून टनामागे तासाला 12-13 लिटर पाण्याची वाफ होते, नेहमीच्या वॉटर-कूल्ड चिलरच्या जवळपास दुप्पट. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या इमारतीला हे झेपत नाही.

पुढचा प्रश्न मीटरचा. प्रत्येक गाळ्याला वेगळं मीटर असेल आणि सोलर सोसायटीच्या सामाईक मीटरवर जोडला, तर त्याचा फायदा लिफ्ट आणि पंपांच्या बिलात दिसेल, एसीच्या नाही. जागा भाड्याची असेल तर खर्च मालकाचा आणि बचत भाडेकरूची होते. बचतीची वाटणी आणि मुदत करारातच लिहा, नाहीतर मालक सही करणार नाही.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर त्यात अँकर ठोकू नका. एक भोक पडलं की पाणी कोब्यात पसरतं आणि गळती भलतीकडेच दिसते. पॅनेलच्या पायांखाली आरसीसी पेडेस्टल (काँक्रीटचे ठोकळे) ठेवा, आणि त्यांचं वजन व पुण्यासाठीचा 39 मीटर प्रति सेकंद हा मूळ वाऱ्याचा वेग धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. आउटडोअर युनिटवर पॅनेलचं छप्पर करू नका. वर फेकलेली गरम हवा परत कॉइलमध्ये ओढली जाते आणि ऐन मे महिन्यात युनिट जास्त दाबामुळे (हाय प्रेशरवर) ट्रिप होतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पॉवर फॅक्टरकडे, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेपैकी (केव्हीए) प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या (किलोवॅट) हिश्श्याकडे. भार 100 किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर 0.95 असेल तर सुमारे 33 केव्हीएआर (मोटारींना लागणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी रिअ‍ॅक्टिव्ह वीज) लागतात. सोलरने 50 किलोवॅट दिले की ग्रिडकडून 50 किलोवॅटच येतात, पण केव्हीएआर तेवढेच राहतात. मीटरवर पॉवर फॅक्टर 0.83 दिसतो. उच्चदाब ग्राहकाला महावितरणचं बिल केव्हीएएचवर (फक्त कामाच्या नव्हे, एकूण घेतलेल्या विजेवर) येतं, म्हणजे बचतीचा लचका तिथेच तुटतो. एपीएफसी पॅनेलचा (गरजेप्रमाणे कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर सुधारणारं पॅनेल) सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर, सोलरच्या जोडणीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला बसवा. तो भाराच्या बाजूला असेल तर त्याला 0.95 च दिसतो आणि कपॅसिटर चालूच होत नाहीत.

डिमांड चार्ज (महिन्यातल्या कमाल मागणीवरचा आकार) घटेल असं गृहीत धरू नका. महिन्यातली एक ढगाळ, उकाड्याची दुपार कमाल मागणी पूर्ववत करायला पुरते. वीज गेली की सोलरचा ऑन-ग्रिड (ग्रिडला जोडलेला) इन्व्हर्टरही बंद पडतो. जनरेटरसोबत तो चालवायचा असेल तर कंट्रोलर लावून जनरेटरवर किमान 30 टक्के भार राहील असं सेटिंग करून घ्या.