नवीन एअर पिस्तूल आलं की ग्रिपला पॉलिशपेपर लावायच्या आधी काय बघायचं

बॉक्स उघडला की लगेच ग्रिप, म्हणजे लाकडी मूठ, घासायला बसू नका. बालेवाडीला रेंजवर हे नेहमी बघायला मिळतं, पोरं पहिल्याच दिवशी लाकूड घासून, पुट्टी लावून हाताच्या मापाचं करून घेतात आणि नंतर लक्षात येतं की मागची साईट (नेम धरायची खाच) हलतीये, आता घासलेलं पिस्तूल डीलर कशाला परत घेतोय. म्हणून आधी चेकिंग, मग कलाकारी. हे सगळं १० मीटरवाल्या, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या ४.५ मिमी पिस्तुलाबद्दल लिहितोय.

पिस्तूल कोरं असलं तरी नळी सेफ दिशेला धरून छर्रा भरायची लिव्हर उघडा आणि आत छर्रा नाहीये हे डोळ्यांनी बघा, फॅक्टरीत टेस्ट फायर करूनच पाठवतात त्यामुळे "नवीन आहे, रिकामंच असणार" असलं काही नसतं.

आता दिसण्यातल्या गोष्टी. ॲनोडायझिंगचा (धातूवरच्या रंगीत थराचा) रंग दोन पार्टवर थोडा वेगळा, ग्रिपच्या खाली मशीनिंगच्या रेघा, लाकडावर एखादी गाठ, याच्यासाठी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर रडायची गरज नाही. ग्रिप आणि फ्रेमच्या मधे कागद जाईल एवढी फट असली तरी चालतं. हलतंय का, हा खरा प्रश्न. एका हातात फ्रेम धरा, दुसऱ्या हाताने ग्रिप हळूच पिळा, कुरकुर आली तर आधी ग्रिपचा स्क्रू बघा, बऱ्याचदा प्रवासात सैल झालेला असतो. स्क्रू नीट बसवूनही हललं तर मात्र तक्रार करायची. आणि हो, लाकूड ओल धरतं, आपल्याकडे जुलैत घट्ट बसलेलं ग्रिप एप्रिलमध्ये सैल वाटू शकतं, तेव्हा सीझन बदलला की परत बघा.

साईटला जास्त वेळ द्या. मागची साईट अंगठ्याच्या नखाने डावी-उजवीकडे ढकलून बघा, टकटक जाणवायला नको. मग साईटचा स्क्रू दहा क्लिक उजवीकडे, दहा क्लिक परत, आणि ग्रुप (टार्गेटवरचा छर्र्यांच्या भोकांचा पुंजका) पहिल्या जागी येतोय का ते टार्गेटवर बघा, कारण क्लिकचा आवाज छान आला म्हणजे साईट खरंच सरकली असं नाही.

लोडिंग लिव्हर उघडताना-मिटताना सगळीकडे सारखीच जड लागली पाहिजे, मधेच अडकली किंवा पिनेपाशी आडवी डुलली तर व्हिडिओ काढून ठेवा. टोक्यो ऑलिम्पिकला २०२१ मध्ये ऐन क्वालिफिकेशनमध्ये मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि मिनिटं वाया गेली, तेव्हा हे असलं घरीच सापडलेलं बरं.

सिलिंडर हातानेच फिरवून बसतो, पाना लावावा लागत असेल तर आटे तिरके बसतायत, थांबा. त्याच्यावरची तारीख वाचा, साधारण १० वर्षांची मुदत असते आणि मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीत, ती बघतात. भरून रात्रभर ठेवा, सकाळी गेज बघा. पुण्यात दुपारी ३८ आणि पहाटे १८ असं असतं, गार हवेत काटा थोडा उतरतोच, त्यामुळे दोन्ही वेळा एकाच तापमानाला बघा नाहीतर उगाच ओ-रिंगला (हवा गळू न देणाऱ्या रबरी रिंगला) शिव्या द्याल.

ट्रिगर ड्राय फायर मोडवर, म्हणजे छर्रा न मारता, तपासायचा. पातं बाजूला किंचित हलणं चालतं, पण दुसरी स्टेज (हलकी ओढ संपून ट्रिगर जड लागतो ती जागा) दर वेळी त्याच जागी लागली पाहिजे. नियमाने किमान ५०० ग्रॅम ओढ लागते. वाण्याकडचं अर्धा किलोचं वजन तारेच्या आकड्याला अडकवा, नळी उभी वर धरा, पिस्तूल कॉक करा, आकडा ट्रिगरच्या मधोमध लावा आणि हळूच उचला, वजन जमिनीवरून सुटून वर आलं पाहिजे, घोडा पडता कामा नये. तारेचं वजनही त्यात धरलं जातं, पण तरीही फार काठावर ट्रिगर सेट करू नका. लगेज मोजायचा तो लटकता काटा नको, एवढ्या बारीक कामाला त्याचा भरवसा नाही.

शेवटी नळीचं तोंड. थोडे छर्रे मारून झाले की कॉम्पेन्सेटरच्या (नळीच्या टोकाला लावलेल्या भोकाच्या तुकड्याच्या) आत टॉर्च मारा. शिशाचा काळपट डाग सगळीकडून सारखा असेल तर ठीक, एकाच बाजूला चकचकीत घासल्यासारखी रेघ दिसली तर छर्रा जाता जाता चाटून जातोय, ग्रुप पसरण्याचं हे एक नेहमीचं कारण. ग्रुप पिस्तूल टेकवून मारा, उभ्याने नाही, नाहीतर स्वतःचा हात मोजाल. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, टेकून पाच छर्रे त्याच्या आत आरामात जायला हवेत. नाही गेले तर पिस्तुलाला दोष द्यायच्या आधी ४.४९ आणि ४.५० अशा दोन हेड साईझचे छर्रे लावून बघा.

काही सापडलं तर सिरियल नंबर दिसेल असा फोटो आणि व्हिडिओ त्याच दिवशी डीलरला मेल करा, फोनवर बोलून भागत नाही. सगळं ओके असेल तर खुशाल काढा पॉलिशपेपर.