समुद्र खवळलेला असताना बोट काढायची का, डाइव्ह मारायची का, हे कसं ठरवायचं आणि अडकलात तर काय करायचं

खवळलेल्या समुद्रात बोटीवरून उडी मारणं कुणालाही जमतं हो, खरा कस लागतो तो परत बोटीवर चढताना. हवेची टाकी पाठीला, अंग दमलेलं, बोट दीड-दोन मीटर वर खाली होतीये आणि तिची शिडी तुमच्या डोक्याच्या वर उठून परत दाणकन खाली येतीये. म्हणून जायचं की नाही हे ठरवताना "उतरता येईल का" हा प्रश्न विचारूच नका, "सगळ्यात दमलेला माणूस दोन तासांनी, वारं आणखी वाढलेलं असताना परत चढू शकेल का" हा विचारा. आणि तो किनाऱ्यावर असतानाच विचारा, कारण एकदा जागेवर पोचलं, सामान चढवलं, सगळे तयार झाले की "आलोच आहोत तर" असं म्हणून माणूस काहीही करून बसतो.

आधी अंदाज नीट वाचायला शिका. बहुतेक लोक फक्त लाटेची उंची बघतात, १.५ मीटर दिसलं की म्हणतात ठीक आहे. पण अंदाजातली ही उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, सगळ्यात मोठी लाट नव्हे. साधारण दर नव्वदीत एक लाट या आकड्याच्या दीडपट येते, म्हणजे ६ सेकंदांनी एक लाट येत असेल तर दर ९-१० मिनिटांनी एक अशी मोठी लाट तुम्हाला भेटणारच, आणि पाच-सहा तास समुद्रात थांबलात तर दुप्पट उंचीचीही एखादी येऊ शकते. वाऱ्याचंही तेच, आकडा सरासरीचा असतो, झोत त्याच्यापेक्षा चाळीस टक्क्यांपर्यंत जोरात येऊ शकतात. म्हणजे अंदाज १५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असेल तर २१ नॉटची तयारी ठेवूनच निघायचं.

उंचीइतकाच महत्त्वाचा पिरियड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. हा आकडा छोटी बोटवाले आणि डायव्हर दोघांनी वाचायचा, पण उलट कारणांसाठी. १.५ मीटरची लाट ५ सेकंदांनी येत असेल तर ती आखूड, उभ्या चढाची, बोटीला धडाधड आपटणारी लाट असते, एकीतून सावरतोय तोवर दुसरी. तीच १.५ मीटर १२ सेकंदांनी येत असेल तर खोल पाण्यात बोट नुसती हळूच वर खाली होते, वाटतं किती छान समुद्र आहे. पण डायव्हरसाठी हीच लांब लाट घातक, कारण लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाण्यात जाणवते. ६ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात साधारण ५६ मीटर, म्हणजे २८ मीटरच्या खाली ती जवळजवळ संपते, पण १२ सेकंदांची लाट सव्वादोनशे मीटर लांब असते, ती तळाला १०० मीटरवर सुद्धा पोचते! मग वर आरशासारखं पाणी आणि खाली १५ मीटरवर तुम्हाला खडकावर इकडून तिकडे फेकणारी सर्ज, असं होतं. आणि हीच लांब लाट उथळ जागी आली की उंच होऊन फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटायला लागते, म्हणजे दीड मीटरची लाट सुमारे २ मीटर पाण्यात फुटणार. बुडालेल्या खडकावर, वाळूच्या पट्ट्यावर, खाडीच्या तोंडाशी.

वारं आणि भरती-ओहोटीचा प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध असले की काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. प्रवाह वाऱ्यावर चालून येतो, लाटा दाबल्या जातात, जवळजवळ येतात, उभ्या होतात आणि फुटतात. सकाळी ज्या पट्ट्यातून गप्पा मारत गेलात तोच पट्टा दुपारी पाणी फिरल्यावर ओळखू येत नाही, वारं तेवढंच असतं तरी. म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्या आणि परतीची वेळ त्याच्यावर ठरवा, जेवणावर नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा प्रवाह जोरात असतो, तेव्हा तर हे जास्तच बघायचं.

डोळ्यांनी ओळखायची एक साधी खूण आहे. फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची जी श्रेणी मांडली ती आजही चालते. पाण्यावर कुठेकुठे पांढरे फेसाळ माथे दिसायला लागले की वारं १० नॉटच्या आसपास, बऱ्यापैकी सगळीकडे दिसले की ११ ते १६, जिकडे बघाल तिकडे पांढरं आणि तुषार उडायला लागले की १७ ते २१. उघड्या छोट्या बोटीतून डायव्हिंग करायचं असेल तर माझ्या मते दुसऱ्या पायरीलाच गंभीरपणे विचार करायचा आणि तिसऱ्या पायरीला बोट काढायचीच नाही. किनाऱ्याकडून वारं वाहत असेल तर किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं, फसू नका, तेच वारं तुम्हाला समुद्रात आत ढकलत नेतं आणि आत गेल्यावर खऱ्या लाटा दिसतात.

आता बोटीचं बघू. सगळ्यात आधी सामान खाली आणि बांधलेलं, टाक्या तर नक्कीच, सुटलेली टाकी लाटेत माणसाचा पाय मोडते. लाईफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही, बोट उलटायला काही सेकंद लागतात आणि त्या सेकंदांत कुणीही जॅकेट शोधून बक्कल लावू शकत नाही. इंजिन बंद करणारी किल-कॉर्ड चालवणाऱ्याच्या पायाला किंवा जॅकेटला अडकवलेली पाहिजे, तो बाहेर फेकला गेला तर बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर पंखा घेऊन येते, हे असे अपघात खरंच होतात. इंधनाचा हिशोब असा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश अडचणीला. आणि इंधनाच्या टाकीच्या तळाला साचलेला गाळ खवळलेल्या समुद्रातच ढवळला जातो आणि फिल्टर चोंदतो, म्हणजे इंजिन नेमकं नको तेव्हा बंद पडतं, म्हणून फिल्टर निघायच्या आधी बघायचा.

चालवताना वेग कमी. समोरून लाटा येत असतील तर अगदी सरळ न घुसता थोडं तिरकं जा, चढताना जरा थ्रॉटल, म्हणजे इंजिनला जोर द्या आणि माथ्यावर पोचायच्या आधी कमी करा, नाहीतर बोट पलीकडे हवेतून आपटते आणि त्या आपटण्याने लोकांचे मणके गेलेत. बाजूने लाट घेणं सगळ्यात वाईट. फुटणाऱ्या लाटेची उंची बोटीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के झाली आणि ती आडवी बसली तर बोट उलटू शकते, म्हणजे ६ मीटरच्या बोटीला १.८ मीटरची फुटती लाट पुरे. जायची दिशाच तशी असेल तर नागमोडी जा, थोडा वेळ लाटा पुढून तिरक्या घ्या, थोडा वेळ मागून तिरक्या, लांब पडतं पण पोचता.

मागून येणाऱ्या लाटा आरामाच्या वाटतात आणि तिथेच लोक फसतात, कारण बोट लाटेच्या उतारावरून घसरायला लागली की तिचं नाक खाली रुततं, मागची बाजू फिरते आणि बोट आडवी होते, आणि आडवी झाली की पुढची लाट तिला पलटी करते. लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने जायचं, माथा ओलांडून पुढे पळायचं नाही आणि मागच्या लाटेला गाठूही द्यायचं नाही, वजन थोडं मागे. खाडीच्या तोंडातून आत येताना तर हे फारच सांभाळायचं, कारण समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटांच्या फक्त गुळगुळीत पाठी दिसतात, वाटतं काहीच नाही. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना आत घुसू नका, बाहेर खोल पाण्यात थांबा, लाटा मोजत बसा, भरती लागू दे.

बोटीत शिरलेलं पाणी लगेच काढा. २०० लिटर म्हणजे २०० किलो वजन, आणि ते एका जागी बसत नाही, बोट ज्या बाजूला कलते तिकडेच धावतं. बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप, चालतो का ते निघताना बघा आणि सोबत दोरी बांधलेली बादली ठेवा. इंजिन बंद पडलं तर पहिलं काम इंजिन उघडणं नाही, पहिलं काम बोटीचं नाक लाटांकडे करणं. नांगर टाका, खोलीच्या पाच-सातपट दोर सोडा, तळ सापडत नसेल तर सी-अँकर, म्हणजे पाण्यात ओढ देणारा कापडी नांगर, किंवा दोरीला बांधलेली बादली पुढून सोडा. नांगर कधीही मागच्या बाजूला बांधू नका! मागची बाजू बुटकी, तिथेच इंजिनचं वजन, लाट सरळ आत येते आणि बोट भरते.

आता पाण्याखालचं. उलटी होईल असं वाटत असेल तर गोळी निघायच्या बऱ्याच आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही, आणि ती गोळी आधी कधीतरी किनाऱ्यावर घेऊन बघितलेली पाहिजे, झोप येते का ते कळायला. पाण्याखाली उलटी झालीच तर रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तोंडातला भाग, काढू नका, दाताने धरून त्याच्यातूनच करा, त्याच्यातलं सगळं बाहेर ढकलणारं पर्ज बटण दाबा, मग श्वास घ्या. ऐकायला घाण वाटतं पण काढलात तर उलटीनंतर येणाऱ्या पहिल्या श्वासाबरोबर पाणी आत जातं.

वर तरंगत तयारी करत बसू नका. मास्क, फिन, हवा सगळं बोटीवरच तपासा, सगळ्यांनी एका इशाऱ्यावर उतरा, दोराजवळ जमा आणि लगेच खाली. १ नॉटचा प्रवाह १० मिनिटांत तुम्हाला ३०० मीटर नेतो, आणि लाटांमध्ये नुसतं डोकं ३०० मीटरवरून दिसत नाही. खाली सर्ज असेल तर तिच्याशी झगडू नका, ती पुढे नेते तेव्हा जा, मागे ओढते तेव्हा स्थिर राहा, खडकापासून लांब राहा आणि गुहेत, भेगेत, बुडालेल्या जहाजाच्या आत तर त्या दिवशी जायचंच नाही.

हवा नेहमीपेक्षा जास्त शिल्लक ठेवून वर निघा, कारण वर आल्यावर बोट यायला वेळ लागू शकतो आणि त्या लाटांमध्ये रेग्युलेटरशिवाय श्वास घेणं म्हणजे पाणी पिणं. ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना मध्ये थांबणं, अशा दिवशी अवघड जातो. नांगराचा दोर बोटीबरोबर वर खाली झटके खातो, तो घट्ट धरलात तर तुम्हीही त्याच्याबरोबर वर खाली जाता, आणि श्वास रोखलेला असेल तर दीडेक मीटरचा झटकासुद्धा फुप्फुसाला इजा करायला पुरतो. दोर नुसता हातातून सरकू द्या, किंवा त्यापेक्षा चांगलं म्हणजे स्वतःचा फुगा, ज्याला एसएमबी म्हणतात तो वर सोडा आणि थोडं खाली, ६ मीटरवर थांबा. श्वास चालू, सतत. हा फुगा प्रत्येकाकडे पाहिजे, जोडीत एक असं नाही, लाटांमध्ये जोड्या सुटतात. शिट्टी आणि छोटा आरसाही खिशात ठेवा.

बोट जवळ आली की वर बीसीडी, म्हणजे तरंगायला हवा भरायचं जॅकेट, फुगवा, मास्क डोळ्यावर, रेग्युलेटर तोंडात, अगदी शिडीवर चढून बोटीत बसेपर्यंत. इंजिन न्यूट्रल केलंय, पंखा थांबलाय असा इशारा मिळाल्याशिवाय जवळ जायचं नाही. मागे सोडलेला तरंगता दोर धरून रांगेत थांबा. चढणाऱ्याच्या खाली कधीच थांबू नका, तो टाकीसकट तुमच्यावर पडू शकतो. शिडी खाली येईल त्या क्षणी पकडा आणि बोट वर उठताना तिच्याबरोबर वर जा. शिडी फारच आपटत असेल तर वजनाचा पट्टा आणि टाकी पाण्यातच काढून वर द्या आणि हलके होऊन चढा. दमलेला माणूस पहिला.

मग नावं घेऊन मोजणी, प्रत्येकाने स्वतः आवाज द्यायचा, दुसऱ्याने "तो आहे ना" म्हणायचं नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर दोन डायव्हर असेच मागे राहिले, बोट परत गेली आणि ते नाहीत हे दोन दिवसांनी लक्षात आलं, ते कधीच सापडले नाहीत. तिथे तर मोजण्यातच घोळ झाला होता.

आणि बोट उलटलीच तर बोटीला चिकटून राहा. किनारा दिसतो तेवढा जवळ नसतो आणि लाटांमध्ये पोहणारं डोकं कुणाला दिसत नाही, उलटलेली बोट दिसते. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळ आलं, १५ खलाशी गेले, २४ बोटी लोकांनी सोडल्या, पण त्यातल्या बुडाल्या फक्त ५, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. पाणी थंड असेल तर पहिला एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, तोंड पाण्याच्या वर ठेवायचं, त्यानंतरची दहाएक मिनिटं हात चालतात, तेवढ्यात दोर बांधणं, फुगा काढणं, रेडिओ लावणं हे उरका. गुडघे छातीशी घ्या, एकमेकांना बिलगून राहा.

व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ ला तीनदा मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याचा इशारा, म्हणा, बोटीचं नाव सांगा, मग जागा, काय झालं, किती माणसं. नावानंतर लगेच जागा, कारण पुढचं ऐकू आलं नाही तरी शोधायला कुठे यायचं ते कळतं. मोबाईलवर भरवसा ठेवू नका, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये ठेवा एवढंच. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, परवडत असेल तर घ्या, तो सॅटेलाईटला सांगतो. आणि निघायच्या आधी किनाऱ्यावर एका माणसाला कुठे जाताय, किती जण आहात, किती वाजेपर्यंत परत येणार आणि त्यानंतर किती वेळ वाट बघून कुणाला फोन करायचा हे लिहून द्या, आणि परत आलात की बोट धुण्याच्या आधी त्याला फोन करा, नाहीतर तुम्ही सुखरूप बसलेले असाल आणि बचाववाले अंधारात त्याच लाटांमध्ये तुम्हाला शोधायला निघालेले असतील.