मतदार-अभ्यासाचे आकडे वापरताय? या चुका टाळा

निवडणूक आयोग सांगतो कुठल्या पक्षाला किती मतं पडली. ती मतं कुणी दिली आणि का दिली, हे आयोग सांगू शकत नाही, कारण मतदान गुप्त असतं. ते समजून घ्यायला आपल्याकडे दिल्लीच्या सीएसडीएस (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज) या संशोधन संस्थेचा राष्ट्रीय निवडणूक अभ्यास, म्हणजे मतदारांचं सर्वेक्षण आहे. पहिला देशव्यापी अभ्यास १९६७ चा. १९९६ पासून तर एकही लोकसभा निवडणूक सुटलेली नाही. संस्थेचा ‘लोकनीती’ हा कार्यक्रम ते काम पाहतो आणि पुण्याचे सुहास पळशीकर त्याचे सहसंचालक होते. अमेरिकेत अशी मालिका १९४८ पासून आहे, ब्रिटनमध्ये १९६४ पासून. हा ठेवा आहे. म्हणूनच प्रबंधांत आणि बातम्यांत त्याची मोडतोड झालेली दिसते तेव्हा वाईट वाटतं.

याला एक्झिट पोल समजू नका

एक्झिट पोलवाले मतदान केंद्राबाहेर पडणाऱ्याला गाठतात आणि त्यांचं लक्ष जागांवर असतं. इथे मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं निवडतात आणि त्याच माणसाच्या घरी जाऊन सविस्तर मुलाखत घेतात. मुलाखती घेणारे बहुतेक त्या त्या राज्यातले प्रशिक्षण दिलेले विद्यार्थी असतात. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारत नाहीत. चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका हातात देतात आणि ती पेटीत टाकायला सांगतात.

यातून जागांचा हिशेब काढायला गेलात तर फसाल. २०१९ मध्ये भाजपला सुमारे ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा होत्या. २०२४ मध्ये मतं सुमारे ३६.६ टक्के, जागा मात्र २४०. महाराष्ट्रात त्याच निवडणुकीत दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता आणि जागा ३० विरुद्ध १७ अशा वाटल्या गेल्या. कुठलंही सर्वेक्षण एवढा बारीक फरक पकडू शकत नाही.

नमुना किती चिरणार?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. देशभरात वीस-चोवीस हजार मुलाखती म्हटलं की आकडा दणदणीत वाटतो आणि लगेच ‘मराठवाड्यातल्या तरुणींचा कल’ असा तक्ता तयार होतो. हिशेब करून बघा. महाराष्ट्राच्या वाट्याला १,२०० मुलाखती आल्या असं धरू. सगळ्यांना न विचारता नमुन्यावरून अंदाज काढल्यामुळे येणारी चूक राज्यपातळीवर साधारण तीन टक्के इकडे-तिकडे. मराठवाड्याची लोकसंख्या राज्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे साधारण २०० माणसं. इथेच चूक सात टक्क्यांवर जाते. त्यातल्या निम्म्या स्त्रिया, त्यातल्या पंचविशीच्या आतल्या साधारण पंधरा. पंधरांपैकी एकीचं उत्तर बदललं की तुमचा तक्ता जवळपास सात टक्क्यांनी हलतो! शिवाय मुलाखती काही निवडक मतदान केंद्रांच्या हद्दीत एकवटलेल्या असतात आणि एकाच वस्तीतली माणसं बऱ्याचदा एकसारखा विचार करतात, त्यामुळे खरी चूक या हिशेबापेक्षाही मोठी असते.

उपाय साधा आहे. प्रत्येक टक्केवारीखाली ती किती माणसांवरून काढली ते छापा. शंभराच्या खाली आकडा गेला तर टक्के देऊच नका, किंवा दोन-तीन निवडणुकांच्या अभ्यासांच्या फायली (मुलाखतींतली उत्तरं आकड्यांत नोंदलेले तक्ते) एकत्र करून बघा. एकत्र करताना जातीचे रकाने तपासा. मराठा आणि कुणबी एका फायलीत एकत्र आणि दुसरीत वेगळे धरले असतील, तर जी ‘घसरण’ दिसेल ती फक्त रकान्याची असेल.

तुमचा आकडा संस्थेच्या छापील आकड्याशी जुळत नाही?

आधी वेट, म्हणजे प्रत्येक उत्तराला द्यायचं कमी-जास्त वजन, लावलं का ते बघा. नमुन्यात स्त्री-पुरुष, शहर-गाव, जातसमूह यांचं प्रमाण प्रत्यक्ष लोकसंख्येपेक्षा थोडं सरकलेलं असतं, ते वेटने सावरतात. पण एक गोष्ट विसरू नका. लोकनीतीच्या फायलींना अनेकदा प्रत्यक्ष निकालातल्या मतटक्क्यांनुसारही वेट दिलेलं असतं. अशा फायलीतून पक्षांची मतं काढून ‘सर्वेक्षण निकालाशी तंतोतंत जुळलं’ असं लिहिणं चूक आहे, कारण ते जुळवलेलंच आहे.

वेट लावूनही जुळत नसेल तर ‘सांगता येत नाही’ म्हणणारे कुठे गेले ते शोधा. त्यांना ८ किंवा ९८ असा कोड दिलेला असतो. तो तसाच ठेवून सरासरी काढली की चार पर्यायांच्या प्रश्नाची सरासरी पाचच्या वर जाऊ शकते. आणि हे लोक सरसकट वगळणंही बरोबर नाही. मत न सांगणाऱ्यांत गरीब, कमी शिकलेल्या स्त्रिया जास्त असतील, तर त्यांना गाळून उरलेल्यांचं म्हणणं ‘जनमत’ म्हणून छापणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

‘मागच्या वेळी मत कुणाला दिलं होतं?’ या उत्तरावरून मतांची पळवापळवी मोजतानाही जपून. पाच वर्षांनी बरेच जण जिंकलेल्या पक्षाचं नाव घेतात. आधी हे आकडे त्या वर्षीच्या अधिकृत निकालाशी ताडून बघा.

प्रश्न तोच होता का?

‘लोकांचं मत बदललं’ असं लिहिण्याआधी दोन्ही वर्षांच्या प्रश्नावल्या शेजारी ठेवून वाचा, अगदी पर्यायांसकट. अमेरिकेच्या अभ्यासात १९६४ साली धोरणविषयक प्रश्नांची पद्धत बदलली. आधी एक विधान वाचून ‘मान्य की अमान्य’ विचारत, नंतर दोन्ही बाजू मांडून निवड करायला सांगू लागले. त्या वर्षापासून मतदारांची वेगवेगळ्या विषयांवरची मतं एकमेकांशी एकदम सुसंगत दिसू लागली. मतदार वैचारिकदृष्ट्या जागरूक झाला, असं अभ्यासकांनी त्यावरून मांडलं. मग सुलिवन, पिअर्सन आणि मार्कस या तिघांनी एकाच वेळी काहींना जुने आणि काहींना नवे प्रश्न विचारून पाहिले. १९७८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: त्या झेपेचा मोठा भाग प्रश्न बदलल्यामुळेच होता.

लोकशाहीबद्दलच्या प्रश्नांत तर एका प्रश्नावर विसंबूच नका. लोकशाही हवी म्हणणारा माणूस दोन प्रश्नांनंतर ‘निवडणुकांची फिकीर न करणारा खंबीर नेता हवा’ यालाही होकार देतो. दक्षिण आशियातल्या पाच देशांत २००४-०५ मध्ये लोकशाहीचं सर्वेक्षण झालं, त्यात लोकनीतीने असे अनेक प्रश्न जोडून वाचले आणि कुणाचा पाठिंबा पक्का, कुणाचा डळमळीत, हे वेगळं केलं. तुम्हीही आधी त्या दोन उत्तरांचा एकत्र तक्ता करा. दोन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्यांचा जो चौकोन निघेल, त्यातल्या माणसांचं वय, शिक्षण आणि गाव बघायला सुरुवात करा.