दुसऱ्या वर्षाचं विंटर सेमिस्टर: निघण्याआधी आणि पोचल्यावर काय काय

गणपती झाले की सुट्टीवर आलेली पोरं परत जर्मनीला निघतात आणि मला मेसेज सुरू होतात, ताई काय काय बघून ठेवू. पहिल्या सेमिस्टरला काही वाटत नाही कारण तेव्हा ओरिएंटेशन असतं, सीनिअर स्टेशनवर घ्यायला येतात, सगळे हाताला धरून फिरवतात. पुढच्या सेमिस्टरपासून मात्र कोणी हाक मारत नाही. आपल्याकडे ऑफिसातल्या काकांना गाठून "सर तेवढा फॉर्म घ्या ना" म्हणता येतं, तसलं इथे चालत नाही. आखेनला चार सेमिस्टर काढलीयेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

निघायच्या आधी रुकमेल्डुंग झालंय का बघा. म्हणजे पुढच्या सेमिस्टरलाही मी आहे असं युनिव्हर्सिटीला कळवणं, आणि ते कळवायचं सेमिस्टरची फी भरून. विंटर सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, पण फीची तारीख बऱ्याच ठिकाणी त्याआधी सुट्टीतच येऊन जाते, आपण घरी मोदक खात असतो. पैसे पाठवताना रेफरन्सचा मजकूर त्यांनी दिलाय तसाच्या तसा टाका, नाहीतर पैसे जातात पण तुमच्या नावावर लागत नाहीत. आणि फी पोचलीच नाही तर नाव कमी होतं, नाव कमी झालं की व्हिसाचं दुखणं मागे लागतं. फी भरली की नवीन सेमिस्टर तिकीट, म्हणजे बस-ट्रेनचा पास, फोनवर उतरवून घ्या. १ तारखेला जुनं बाद होतं, आणि बसमध्ये चेकर आला तर ६० युरो.

रेसिडेन्स परमिटची तारीख आत्ता उठून बघा, खरंच. संपायच्या आत अर्ज गेलेला असला पाहिजे, अपॉइंटमेंट नंतरची मिळाली तरी चालते पण अर्ज आधी, आणि पोच जपून ठेवा. पैशाचा पुरावा पुन्हा लागतो, २०२४ च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो धरतात. नोकरी करणाऱ्यांनी दिवस मोजत जा, विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं. तिशी जवळ आलेल्यांनी हेल्थ इन्शुरन्सचं आधीच विचारून ठेवा, सरकारी इन्शुरन्सचा स्टुडंट रेट ३० वर्षांपर्यंतच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेक्चरला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही!! दोन्ही वेगळं. मूडलवर, म्हणजे नोट्स-असाइनमेंटच्या वेबसाइटवर, कोर्स दिसतोय, नोट्स येतायत, असाइनमेंट जातायत, आणि परीक्षेचं रजिस्ट्रेशन मात्र वेगळ्या पोर्टलवर, वेगळ्या मुदतीत. माझं पहिल्या सेमिस्टरला हेच झालं, अख्खा विषय तयार, फॉर्म्युला शीट दोन्ही बाजूंनी लिहून झालेली, आणि यादीत नावच नाही. चूक माझीच, मेल आला होता, जर्मनमध्ये होता म्हणून नंतर वाचू म्हणून ठेवला. पुढे सहा महिने. त्यामुळे लेक्चर सुरू झाली, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर, की पहिल्याच आठवड्यात सगळ्या मुदती फोनमध्ये टाका आणि नाव काढून घ्यायची शेवटची तारीखपण टाका, कारण तयारी नसताना उगाच बसू नका. साधारण तीनच संधी मिळतात, आणि सक्तीच्या विषयात तिन्ही गेल्या की तो अख्खा डिग्री कोर्सच संपला. मार्कांचं उलटं असतं हे घरी नीट समजावून सांगा, १.० सगळ्यात भारी, ४.० ला पास, ५.० नापास. माझ्या बाबांनी १.७ ऐकून अर्धा तास फोन केला नव्हता.

टाइमटेबलवर १० सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला, एस.टी. असेल तर दहाच्या ठोक्याला. आपल्या लाल डब्याशी काही संबंध नाही, उलट ही एस.टी. वेळेवर सुटते. लेक्चर संपलं की टाळ्या नाहीत, बाकावर टकटक करायची, नवीन आलेल्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर दचकतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. आईचा रात्री साडेनऊचा फोन तुमच्याकडे मग सहाऐवजी पाचला येणार, ऐन लॅबमध्ये, तर आधीच वेळ बदलून घ्या. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि आखेनचा पाऊस काही विचारू नका, तेव्हा टोपीवालं जॅकेट घ्या, छत्री वाऱ्यात उलटी होते. दिवाळीला सुट्टी नसते हे माहितीये सगळ्यांना, पण हॉल हवा असेल तर बुकिंग सेमिस्टरच्या सुरुवातीलाच करा. रविवारी दुकानं बंद, सामान शनिवारीच.

बॅगेत कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे टाका, इथे शोधत बसाल. भाजणी, गोडा मसाला आणा. पेढे आणि आजीचं तूप मात्र नको, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे. तूप इथे कढवता येतं, बिनमिठाच्या बटरचे २५० ग्रॅमचे दोन पुडे घेतले की महिनाभर पुरतं. फक्त कढवताना किचनचं दार लावा आणि खिडकी उघडा, स्मोक अलार्म वाजला की अख्खं हॉस्टेल खाली रस्त्यावर उभं राहतं, तेही पायजम्यात.