पाइनवरून उतरणाऱ्या सुरवंटांसाठी खोडाला सापळा कसा बांधावा

भूमध्य समुद्राभोवतीच्या पाइनवनांत हिवाळ्यात झाडांच्या शेंड्याकडे, उन्हाच्या अंगाला, पांढऱ्या रेशमाची गाठोडी दिसतात. ती थॉमेटोपीया पिटिओकॅम्पा या पतंगाच्या सुरवंटांची घरटी. हिवाळा सरता सरता सगळे सुरवंट रांगेने खोडावरून खाली येतात आणि कोश करायला मातीत शिरतात. सापळा त्यांना वाटेतच अडवतो, म्हणून तो डिसेंबरअखेर बसलेला हवा. रांगा निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

वाढीच्या तिसऱ्या अवस्थेपासून, म्हणजे दोनदा कात टाकल्यावर, यांच्या अंगावर खाजकुयलीसारखे सूक्ष्म, काटेरी केस येतात. ते वाऱ्यावर उडतात, रिकाम्या घरट्यातही टिकून राहतात. म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे, बंद गॉगल आणि बारीक कण अडवणारा एफएफपी-३ मास्क घालूनच झाडाखाली जावं. घरटं काठीने पाडू नये, त्यावर पाण्याचा फवाराही मारू नये.

सापळा म्हणजे खोडाभोवती पन्हळीसारखा बसणारा प्लास्टिकचा पट्टा, त्याला खाली जाणारी नळी आणि नळीच्या टोकाला माती घातलेली पिशवी. मुलांचा, कुत्र्यांचा हात-तोंड पोचणार नाही अशी, साधारण दोन मीटर उंची धरा. तिथली खडबडीत साल वीतभर रुंदीत खरवडून सपाट करा, पण आतल्या ओल्या सालीला धक्का लावू नका. मग खोडाभोवती फोमची पट्टी आवळा.

खरी मेहनत इथेच आहे. सालीच्या प्रत्येक खाचेत फोमचा तुकडा बोटाने दाबून बसवा. पुढचा सुरवंट रेशमाचा धागा सोडत जातो, मागचा त्याच्या शेपटीला डोकं टेकवून चालतो; पहिल्याला फट सापडली की अख्खी रांग तिथून निसटते.

फोमवर पट्टा घट्ट बसवा आणि पिशवीत तीन-चार मुठी ओलसर माती घाला. माती नसेल तर कोश करायला जागा न मिळाल्याने सुरवंट परत वर चढू पाहतात. जमिनीला किंवा शेजारच्या झाडाला टेकणारी फांदी आधीच छाटा, नाहीतर ते तिच्यावरून उतरतात. घरटं असलेल्या प्रत्येक झाडाला वेगळा सापळा लागतो.

दर आठवड्याला पिशवी फाटली नाही ना, हे लांबूनच पाहा. रांगा थांबल्या की, उन्हाळ्यात पतंग बाहेर पडायच्या आत, पिशवीचं तोंड न उघडता बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला आणि स्थानिक नियमांप्रमाणे विल्हेवाट लावा. उघड्यावर जाळू नका, केस धुराबरोबर पसरतात.

कुत्र्याने सुरवंट तोंडात घेतलाच, तर न चोळता भरपूर पाण्याने तोंड धुवा आणि तडक पशुवैद्याकडे न्या. जिभेचा भाग काही तासांतच मरू लागू शकतो.