घरी पोरांची पार्टी: आधी काय ठरवायचं
दहावी-बारावीच्या पोरांशी नियम आठवडाभर आधी बसून ठरवा. पाहुणे दारात आल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही. घोळ बहुधा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निमंत्रण टाकल्याने होतो: बोलावलेले 12, आलेले 25. म्हणून नावं कागदावर लिहा, पुढे पालकांचा नंबर आणि न्यायला कोण येणार तेही. 18 वर्षांखाली गिअरच्या गाडीचा परवाना मिळत नाही, तेव्हा रात्री ट्रिपल सीट रंकाळ्याला चक्कर अजिबात नको. स्पीकर दहाला बंद. शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. दारूला मुळीच सूट नाही. महाराष्ट्रात बिअरलासुद्धा 21 वर्षं पूर्ण लागतात. तुम्ही घरातच थांबा, पण आतल्या खोलीत. पांढरा रस्सा वाढायला म्हणून तासाभराने एक फेरी पुरते.