बायपासनंतर चालायला लागताना या चुका टाळा

"एवढं मोठं ऑपरेशन झालंय, आता महिनाभर पलंग सोडायचा नाही." फिजिओथेरपीसाठी कोल्हापुरात घरोघरी जाते तेव्हा हे वाक्य दारातच कानावर पडतं. मायेपोटीच बोलतात, पण त्यानं नुकसान होतं. पडून राहिलं की पायातली ताकद काही दिवसांतच उतरते, फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो, पायात गुठळी होण्याची भीती वाढते. तब्येत स्थिर असेल तर दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवतात, ते यासाठीच.

उठताना मात्र घाई नको. एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, बीपी घसरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात ऑपरेशननंतर हिमोग्लोबिनही कमी असतं. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, दोन मिनिटं तसेच बसा, मग उभे राहा. दोन्ही हात रेटून उठू नका. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा.

सगळ्यात जास्त चुका चालण्यात होतात. शिवाजी पेठेतले एक मामा, तालमीत घडलेलं शरीर. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं म्हणून एकटेच रंकाळा तलावाची फेरी मारायला निघाले. निम्म्यात कठड्यावर बसले ते उठवेना. "डॉक्टर, जाताना काईच वाटलं न्हाई बघा," म्हणाले. जाताना वाटतच नाही. परतीचं अंतरही तेवढंच असतं, हे शरीर निम्म्यात सांगतं. सुरुवातीला घरातल्या घरात किंवा गल्लीत पाच-पाच मिनिटं, पण दिवसातून चार-पाच वेळा चाला. सोबत कुणीतरी हवंच. जेवल्या जेवल्या नको, भर उन्हात तर नकोच.

आणि नुसत्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ती नाडीला फारसं वाढू देत नाही. बोटाचं यंत्र नाडी 85 दाखवतं आणि माणूस धापा टाकत असतो. मी बघते ते वेगळं. चालताना बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का? थांबल्यावर दहा मिनिटांत श्वास जागेवर येतोय का? दुसऱ्या दिवशी सकाळीच अंग गळून गेलं असेल, तर काल जास्त झालं. त्या दिवशी थोडं कमी चाला, पण चालणं बंद करू नका.

छातीचं मधलं हाड तारेनं बांधलेलं असतं. ते सांधायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, पक्कं व्हायला 12 पर्यंत. करवीर तालुक्यातल्या एका घरी पाचव्या आठवड्यात गेले, तर काका गोठ्यात म्हशीखाली बसून धार काढत होते. गुडघ्यात बादली, दोन्ही हातांनी ओढ, वर म्हशीची हिसकाहिसकी. सगळा ताण थेट त्या हाडावर. धार, भरलेली घागर, नातवाला कडेवर घेणं, जोर, दुचाकी, हे सर्जननं हो म्हटल्याशिवाय नाही.

बायपाससाठी पायाची शीर काढलेली असेल तर त्या पायाला थोडी सूज येते; बसताना पाय उंचावर ठेवा. पण पोटरी दुखून सुजली, छातीत हाड कट् वाजलं, जखमेतून पाणी आलं किंवा ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर त्याच दिवशी सर्जनना फोन करा. बसल्या जागी दम लागला, छातीत दाबल्यासारखं झालं किंवा चक्कर येऊन पडलात, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.